निर्वासित कुटुंबाला मदत करताना कशानंतर काय: ओहायोतल्या मराठी मंडळींसाठी

ओहायोत कोलंबसच्या आसपास नेपाळी भाषक भूतानी निर्वासितांची मोठी वस्ती आहे. ॲक्रनच्या नॉर्थ हिल भागातही आहे. शिवाय अफगाण आहेत, सोमाली आहेत, काँगोतून आलेले आहेत. भूतानी आणि अफगाण घरांत हिंदी बऱ्यापैकी कळते. त्यामुळे आपली मंडळी हौसेने मदतीला जातात आणि ठरलेल्या चुका करून येतात. जुना सोफा आधी पोचतो, महत्त्वाचा फॉर्म राहून जातो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्वतःच्या एच-वन-बीच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, अनुभवावरून सल्ला देणं. निर्वासितांचे नियम वेगळे, मुदती वेगळ्या, फीसुद्धा वेगळी. ते शहाणपण चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवा आणि मग आत जा.

जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांना आणण्याचा कार्यक्रम थांबवला गेला. २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी मर्यादा अवघी ७,५०० ठेवली आहे. २०२४ मध्ये ती १,२५,००० होती. म्हणजे विमानतळावर हार घेऊन जायचे प्रसंग आता क्वचितच. काम आहे ते आधी आलेल्या कुटुंबांचं, म्हणून या लेखातही भर त्यांच्यावरच आहे.

१. निघण्याआधीची तयारी

स्वतःहून कुणाच्या दारात जाऊन उभे राहू नका. आधी पुनर्वसन संस्थेला फोन करा. कोलंबसमध्ये ‘कम्युनिटी रेफ्युजी अँड इमिग्रेशन सर्व्हिसेस’ आहे, तिला सगळे ‘क्रिस’ म्हणतात. ॲक्रनमध्ये ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट’ आहे. अशा संस्था स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासतात, थोडं प्रशिक्षण देतात. त्यात काही आठवडे जातील, जाऊ द्या. कुटुंबाचा केसवर्कर कोण, त्याने काय केलंय, काय बाकी आहे, हे कळल्याशिवाय केलेली मदत बऱ्याचदा दुबार होते. आमच्याकडे एका घरात तीन राइस कुकर झाले होते आणि झोपायला गाद्या दोनच.

मग कुटुंबाचा दर्जा नक्की काय, ते समजून घ्या. ‘निर्वासित’ हा शब्द आपण सगळ्यांनाच लावतो. कायद्यात बाहेरून मंजुरी घेऊन आलेला निर्वासित वेगळा, इथे येऊन आश्रय मिळालेला वेगळा, पॅरोलवर, म्हणजे तात्पुरत्या परवानगीवर, आलेला वेगळा आणि अमेरिकन फौजेबरोबर काम केलेल्या अफगाणांचा खास व्हिसा वेगळा. आय-९४ हा प्रवेशाचा कागद बघा. त्यावर ‘आरई’ असेल तर तो माणूस निर्वासित म्हणून आलेला आहे. पुढे लिहिलंय ते अशा लोकांपुरतंच.

भाषेबद्दल एक सांगतो. हिंदी कळते म्हणजे नेपाळी आली असं नाही. नेपाळीत ‘दाइ’ म्हणजे थोरला भाऊ, ‘हिजो’ म्हणजे काल, ‘भोलि’ म्हणजे उद्या. हिंदीतला ‘कल’ दोन्हीकडे वळतो, ‘परसों’ही. फोनवर मी एका आजींना ‘परसों डॉक्टर’ असं सांगितलं आणि डॉक्टरची वेळ हुकली. तेव्हापासून तारीख आणि वार कागदावर लिहून, फोटो काढून पाठवतो.

सावध: दवाखाना, शाळा, कोर्ट आणि सरकारी कार्यालयात दुभाषा तुम्ही होऊ नका, घरातल्या पोरालाही करू नका. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी आणि कार्यालयांनी दुभाषा फुकट द्यायचा असतो. ‘नेपाळी दुभाषा हवा’ एवढं एक वाक्य इंग्रजीत म्हणायला घरातल्या प्रत्येकाला शिकवा. बारा वर्षांच्या मुलीने आईच्या गर्भाशयाच्या तपासणीचं भाषांतर करायचं, ही वेळ येऊच नये.

२. घर लावणं

नव्या कुटुंबासाठी घरात किमान काय असावं, याची सरकारने ठरवून दिलेली यादी असते. माणशी पलंग (नवरा-बायकोंना एक), जेवणाचं टेबल, माणशी खुर्ची, ताटवाट्या, भांडी, टॉवेल, साबण, दिवे, डबे उघडायचं यंत्रसुद्धा. संस्थेकडून ती यादी घ्या आणि त्यातलं जे राहिलंय तेच आणा.

गादी मात्र नवीच. जुनी, ‘अगदी चांगल्या स्थितीतली’ गादी देऊ नका. ढेकूण एकदा शिरले की भाड्याच्या घरातून काढायचा खर्च आणि कटकट कुटुंबाच्या गळ्यात पडते.

पहिल्या दिवशी घरात गरम, त्यांच्या पद्धतीचं जेवण तयार असावं, असाही नियम आहे. आपल्याला हे छान जमतं. पण पुरणपोळी नको. डाळ, भात, एक पालेभाजी, लोणचं पुरे. अफगाण किंवा सोमाली घर असेल तर मांस हलाल हवं.

स्वयंपाकघरात अर्धा तास काढा. विजेच्या शेगडीची चकती बंद केल्यावरही तापलेली असते, हे हात लावायच्या आधी सांगा. मग मोहरीची फोडणी करून दाखवा. धुराचा भोंगा वाजेल. एका घरातल्या आजोबांनी तो आवाज ऐकला आणि काठी घेऊन खालीच उतरले, परत यायला तयार होईनात. पंखा लावायचा, खिडकी उघडायची आणि भोंग्याची बॅटरी काढायची नाही, हे करून दाखवल्याशिवाय कळत नाही.

तपासा: थर्मोस्टॅट कसा लावायचा ते कळलं का? ९११ कधी लावायचा? रात्री पाइप फुटला तर घरमालकाला कुठे फोन करायचा? कुटुंबातल्या एकाने तुमच्यासमोर हे तिन्ही सांगून दाखवलं की हा टप्पा झाला.

३. पहिल्या महिन्याचे कागद

पहिले ९० दिवस संस्थेच्या जबाबदारीचे असतात. तुमचं काम त्यांच्या मागे उभं राहायचं. तरी क्रम माहीत हवा, कारण एक कागद अडला की पुढचे सगळे अडतात.

आधी आय-९४ वरचं नाव आणि जन्मतारीख सोशल सिक्युरिटी कार्डावर जशीच्या तशी आली आहे का, ते बघा. मधलं नाव वडिलांचं असण्याची आपली पद्धत असल्यामुळे नावाचा घोळ काय असतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. इथे तो आणखी वाढतो. एकच नाव असलेल्या अफगाणाच्या पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापलेलं असतं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. ज्यांना जन्मतारीख ठाऊक नव्हती, त्यांना सरसकट १ जानेवारी मिळालेली असते. एका घरात पाच जणांचा वाढदिवस एकाच दिवशी दिसला तर ती फसवणूक नसते. आणि तुम्ही ‘खरी’ तारीख शोधून फॉर्मवर घालू नका. आय-९४ वर जी आहे तीच सगळीकडे लिहायची. दुरुस्ती करायचीच असेल तर ती वकिलामार्फत.

भूतानी कुटुंबांत, नेपाळमधल्या निर्वासित छावणीत झालेलं लग्न किंवा जन्म विक्रम संवतात नोंदलेला असतो. दाखल्यावर २०६५ दिसलं तर ते इसवी सन २००८-०९ धरायचं. महिना आधी, दिवस नंतर ही अमेरिकन पद्धतही वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

त्यानंतर शाळा. पत्त्याचा पुरावा, आय-९४ आणि लसीकरणाची नोंद लागते. ओहायोत लसींची नोंद किंवा सुरुवात झाल्याचा पुरावा १४ दिवसांत दिला नाही, तर शाळा मुलाला घरी बसवू शकते. म्हणून आरोग्य तपासणीची वेळ शाळेच्या आधी किंवा त्याच आठवड्यात घ्या.

१८ ते २५ वयाच्या मुलग्यांची सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे लष्करभरतीच्या सरकारी यादीत, नोंदणी आल्यापासून ३० दिवसांत करायची असते. कोणी विचारत नाही म्हणून ती राहते, आणि नागरिकत्वाच्या मुलाखतीत पाच वर्षांनी हाच प्रश्न निघतो. हे लोक व्हिसावरच्या विद्यार्थ्यांसारखे सूट मिळालेले नाहीत.

४. टपाल आणि फाईल

मला विचाराल तर अख्ख्या मदतीतला सर्वांत उपयोगाचा टप्पा हाच. पैसे लागत नाहीत, गाडी लागत नाही, एक मोठी फाईल आणि आठवड्यातली चाळीस मिनिटं लागतात.

सोफ्याशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत न फोडलेली पाकिटं साठलेली असतात. सगळं जाहिरातींसारखंच दिसतं, म्हणून सगळंच ठेवतात, नाहीतर सगळंच फेकतात. त्यांच्यासमोर बसून तीन ढीग करा: सरकारी, बिलं, रद्दी. प्रत्येक सरकारी पाकिटावर कोपऱ्यात कुणाचं नाव आहे ते बोटाने दाखवा. काउंटीच्या जॉब अँड फॅमिली सर्व्हिसेसचं, म्हणजे सरकारी मदत देणाऱ्या कार्यालयाचं, पत्र आलं की त्यात बहुतेक वेळा उत्तर द्यायची तारीख असते. ती पाकिटावर बाहेरून लाल पेनाने लिहा. मदत बंद पडते ती पुष्कळदा अपात्र ठरल्यामुळे नाही, तर नूतनीकरणाचा कागद परत न गेल्यामुळे.

फाईलमध्ये माणशी एक कप्पा ठेवा. आय-९४ ची प्रत, सोशल सिक्युरिटी, लसी, शाळा, नोकरीच्या पगारपावत्या आणि प्रवासकर्ज. हे प्रवासकर्ज पुष्कळांना ठाऊक नसतं. विमानाचं तिकीट आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने बिनव्याजी कर्जावर दिलेलं असतं आणि साधारण सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात. ‘ही फसवणूक असेल, भरू नका,’ असा सल्ला आपल्यातल्याच एकाने दिला होता. कर्ज खरं असतं. हप्ता जड जात असेल तर फोन करून तो कमी करून घेता येतो. गप्प बसलं तर पत खराब होते.

सावध: घर बदललं की १० दिवसांत एआर-११ हा फॉर्म भरून इमिग्रेशन खात्याला पत्ता कळवायचा. प्रत्येक माणसाचा वेगळा, तान्ह्या बाळाचासुद्धा. टपाल खात्याला नवा पत्ता दिला म्हणून इमिग्रेशनचं पाकीट पुढे येईल असं धरू नका. भूतानी कुटुंबं स्वस्त घर किंवा नातलगांजवळचं घर मिळालं की लगेच हलतात, आणि ग्रीन कार्ड जुन्या दारावरून परत जातं.

५. पैसे, औषधं, नोकरी

इथे नियम अलीकडे झपाट्याने बदलले, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी तुम्ही कुणाला केलेली मदत आता जशीच्या तशी चालणार नाही.

केंद्राच्या निर्वासित निधीतून मिळणारी रोख मदत आधी आल्यापासून १२ महिने मिळे. मे २०२५ पासून नव्याने पात्र ठरणाऱ्यांना ती ४ महिनेच मिळते. मुलं असलेल्या कुटुंबाने ‘ओहायो वर्क्स फर्स्ट’ या राज्याच्या रोख मदतीसाठी अर्ज केला आहे का ते विचारा.

जुलै २०२५ च्या कायद्याने ग्रीन कार्ड नसलेल्या निर्वासितांचं स्नॅप, म्हणजे किराण्याचं कार्ड, बंद केलं. इथे लोक दोन चुका करतात. एक, अमेरिकेत जन्मलेलं बाळ नागरिक असल्यामुळे पात्र राहतं, पण आईबाप अख्ख्या घराचा अर्ज सोडून देतात. दोन, ग्रीन कार्ड आल्यावर पुन्हा अर्ज करत नाहीत. निर्वासित म्हणून आलेल्याला ग्रीन कार्डानंतर पाच वर्षं थांबायची अट नाही. कार्ड आलं की त्याच आठवड्यात अर्ज करा. मेडिकेडला, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्यालाही, असाच फटका बसणार आहे: १ ऑक्टोबर २०२६ पासून ग्रीन कार्ड नसलेले बहुतेक प्रौढ निर्वासित त्यातून बाहेर पडतील. तेव्हा दातांचं, डोळ्यांचं, रक्तदाबाच्या गोळ्यांचं काम लांबणीवर टाकू नका.

म्हातारी माणसं एसएसआयवर, म्हणजे गरीब वृद्ध-अपंगांच्या सरकारी मासिक मदतीवर, असतील तर एक आकडा लक्षात ठेवा: ७ वर्षं. तेवढ्यात नागरिक झालं नाही तर ती रक्कम थांबते.

नोकरीबद्दल थोडक्यात. निर्वासिताला आल्या दिवसापासून काम करायचा हक्क आहे. वर्क परमिटचं कार्ड यायचं असलं तरी आय-९४ दाखवून कामाला लागता येतं. तो कागद ९० दिवस पावती म्हणून चालतो. आपल्या ओळखीतल्या एचआरवाल्याला हे बऱ्याचदा माहीत नसतं. पहिली नोकरी बहुधा गोदामात, रात्रपाळीची असते. ‘हो’ म्हणण्याआधी रात्री दोनला सुटल्यावर घरी कसं येणार, हे ठरवा. बस तेव्हा नसते.

६. गाडी

बसचे दोन मार्ग आधी शिकवा, त्यांच्याबरोबर बसून. तुम्ही कायम गाडीने नेत राहिलात तर सहा महिन्यांनीही त्यांना दवाखान्याचा रस्ता येणार नाही.

तुमच्या गाडीत मुलं बसणार असतील तर ४ वर्षांखालच्या किंवा ४० पौंडांहून कमी वजनाच्या मुलाला ओहायोत बालआसन सक्तीचं आहे. ८ वर्षांखालच्या आणि ४ फूट ९ इंचांहून बुटक्या मुलाला बूस्टर. मांडीवर घेऊन बसायची सवय असते, रडारडही होते. तरी आसनाशिवाय गाडी हलवू नका.

लायसनसाठी लेखी परीक्षेत ४० प्रश्न असतात, ७५ टक्के हवेत. रस्त्यावरच्या चाचणीत लोक नापास होतात ते शंकूंच्या खेळात. ९ फूट रुंद आणि २० फूट लांब चौकटीतून गाडी पुढे काढून एका शंकूच्या बाजूला न्यायची आणि मग मागे घेत परत सरळ आणायची. रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये पाच बादल्या मांडून सराव करा. मागे घेताना आरशात बघत बसतात. मान वळवून मागच्या काचेतून बघायला लावा.

सावध, आणि हे ठळक: लायसनच्या काउंटरवर ‘मतदार म्हणून नोंदणी करायची का?’ असं विचारतात. निर्वासिताने किंवा ग्रीन कार्डवाल्याने ‘नाही’ म्हणायचं. न कळल्यामुळे ‘यस, यस’ म्हणून सही झाली तर पुढे नागरिकत्व अडकतं, वेळप्रसंगी हद्दपारीचं प्रकरण उभं राहतं. ‘नो, आय ॲम नॉट अ सिटिझन’ हे वाक्य पाठ करून घ्या.

७. एक वर्ष झालं की ग्रीन कार्ड

इथेच एच-वन-बीवाल्यांचा सल्ला घात करतो. ‘घाई काय आहे, दहा-बारा वर्षं लागतातच’ असं आपण सहज बोलून जातो. निर्वासिताला रांग नाही, प्रायॉरिटी डेट नाही, कंपनी नाही, प्रायोजकाचं प्रतिज्ञापत्रही नाही. अमेरिकेत एक वर्ष राहिल्यावर अर्ज करणं कायद्याने त्याच्यावर बंधनच आहे. आणि या अर्जाच्या फॉर्मची, आय-४८५ ची, फी त्याला शून्य. कोणी हजार-दीड हजार डॉलर ‘सरकारी फी’ मागितली तर उठून या.

क्रम असा ठेवा.

अकराव्या महिन्यात लसींच्या नोंदी गोळा करून आय-६९३ या वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मची व्यवस्था. बहुतेक निर्वासितांची परदेशातली वैद्यकीय तपासणी ग्राह्य धरतात, त्यामुळे फक्त लसींचा भाग भरून सही लागते. काउंटीचा आरोग्य विभाग ती देऊ शकतो. खासगी डॉक्टरकडे पूर्ण तपासणीचे पैसे भरून बसू नका. हा फॉर्म आता आय-४८५ बरोबरच पाठवावा लागतो. नंतर पाठवू म्हटलं तर अख्खं पाकीट परत येऊ शकतं.

मग वकील, किंवा न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधी. फॉर्म तुम्ही भरू नका, तुम्हाला कितीही येत असला तरी. ‘तुम्ही कधी सशस्त्र गटाला मदत केली का’ अशा प्रश्नांची उत्तरं आधी दिलेल्या मुलाखतीशी जुळावी लागतात, आणि ती मुलाखत तुम्ही पाहिलेली नसते. २०२५ च्या शेवटी २०२१ ते २०२५ या काळात आलेल्यांच्या फायली पुन्हा तपासण्याचा आणि त्यांची ग्रीन कार्डं रोखून धरण्याचा आदेश निघाला. त्यामुळे जाणत्या माणसाची नजर कागदांवरून फिरल्याशिवाय काहीही पाठवू नका. नाताळच्या पार्टीत भेटलेला ‘इमिग्रेशनचं करणारा’ चालणार नाही, टॅक्स भरून देणाराही नाही.

बाराव्या महिन्यानंतर अर्ज पाठवा, सगळ्या पानांच्या प्रती काढून. पावती आली की ती फाईलच्या पहिल्या कप्प्यात.

नवरा, बायको किंवा २१ वर्षांखालची अविवाहित मुलं मागे राहिली असतील तर त्यांना आणण्यासाठी आय-७३० हा वेगळा अर्ज आहे, त्याची मुदत वेगळी: आल्यापासून २ वर्षांच्या आत. ग्रीन कार्ड आल्यावर बघू म्हणत ती निघून जाते. हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारा, हलक्या आवाजात, मुलं शेजारी नसताना.

सावध: घरात कुणावर पोलीस केस झाली, अगदी दारू पिऊन गाडी चालवल्याची किंवा नवरा-बायकोच्या भांडणाची, तर गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारायचं. सरकारी बचाव वकील ‘कबूल करा, तुरुंग टळेल’ म्हणेल. तुरुंग टळतो आणि हद्दपारी लागू होते. मार्च २०२५ पासून जुन्या शिक्षांवर बोट ठेवून भूतानी माणसांना चक्क भूतानला पाठवलं गेलं आणि भूतानने त्यांना भारताच्या सीमेवर आणून सोडलं. हा धोका आता कागदावरचा राहिलेला नाही.

८. नागरिकत्वाची तयारी

निर्वासिताच्या ग्रीन कार्डावरची तारीख मागे नेऊन अमेरिकेत आल्याच्या दिवसाची घालतात. म्हणून पाच वर्षं तिथपासून मोजायची, आणि ९० दिवस आधी एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, पाठवता येतो. आपल्या हिशेबाने कार्ड हाती आल्यापासून मोजलं तर उगाच वर्ष-दोन वर्षं वाया जातात. आजीचं एसएसआय थांबायला सात वर्षं लागतात, हे आठवा. मधला वेळ तुम्हाला वाटतो तेवढा नाही.

२० ऑक्टोबर २०२५ पासून पाठवलेल्या अर्जांना नवी परीक्षा लागू आहे. १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात, १२ बरोबर हवेत. इंग्रजीतून सूट मिळायला ५५ वर्षं वय आणि ग्रीन कार्डाची १५ वर्षं लागतात, किंवा ५० आणि २०. नुकत्याच आलेल्या सत्तरीच्या बाईला त्याचा उपयोग नाही. स्मृतिभ्रंश किंवा तसा आजार असेल तर परीक्षेतून सूट मिळण्यासाठी डॉक्टरने एन-६४८ हा फॉर्म भरायचा असतो. तो ‘वय झालं, शिकता येत नाही’ एवढ्यावर मंजूर होत नाही. कोणता आजार, त्याने शिकण्यावर नेमका कसा परिणाम होतो, हे सविस्तर लागतं. डॉक्टरकडे जाताना आजी रोजच्या कोणत्या गोष्टी विसरतात त्याची यादी सुनेकडून लिहून घ्या: शेगडी चालू ठेवली, नातवाचं नाव चुकलं, जिन्यातून शेजाऱ्याच्या घरात शिरल्या.

बाकीच्यांसाठी रोज पाच प्रश्न, रात्रीच्या जेवणानंतर, घरातल्या शाळकरी मुलाने विचारायचे. दुभाष्याचं काम मुलांना देऊ नका म्हटलं, पण हे द्या. त्यांना ते आवडतं, आणि आजोबाही नातवापुढे हरायला तयार नसतात.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी फाईल त्यांच्याच हातात द्या आणि प्रत्येक कागद त्यांना काढून दाखवायला सांगा. कुठला सापडला नाही तर त्या कप्प्याला रंगीत चिठ्ठी चिकटवा आणि पुन्हा विचारा.